आधी हूक, मग हौस

नवी थार किंवा जिमनी दारात आली की महिन्याभरात दोन प्रश्न ठरलेले. बंपर कुठला लावू? आणि विंच स्वस्तात कुठे मिळेल? गाडी रुतली तर तिला नेमकं कुठे धरून ओढायचं, हे कुणी विचारत नाही. रुतल्यावर मात्र तोच प्रश्न पहिला येतो, आणि उत्तर शोधायला चिखलात आडवं पडावं लागतं.

विंच स्वस्तात बसवता येतो, यात वादच नाही. पण स्वस्त कशात घ्यायचं आणि कशात नाही, हा हिशेब सर्रास उलटा मांडला जातो. चकाकतं त्यावर पैसा, ताण घेतं त्यावर काटकसर.

चिखलाला चकाकी दिसत नाही.

वस्तू तशी जुनी. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये युद्धातून उरलेल्या जीपांसाठी लॉकिंग हब बनवायला घेतले आणि १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीने गाडीला लावायचा विजेवरचा विंच बाजारात आणला. बॅटरीवर चालणारी मोटर, गिअर, ड्रम, दोर. आजही आत तेवढंच आहे. मग किमतीत तिप्पट-चौपट फरक कसला?

चिनी बनावटीचा विंच साधारण २५-३० हजारांपासून मिळतो, नावाजलेला अमेरिकी लाखाच्या घरात जातो. डब्यावर दोघांच्याही ९५०० पौंडच छापलेलं असतं. फरक असतो मोटरच्या वाइंडिंगमध्ये, ब्रेकमध्ये, पाणी अडवणाऱ्या सीलमध्ये आणि सुटे भाग मिळण्यात. म्हणजे तो कळतो दुसऱ्या पावसाळ्यात.

तरीही वर्षातून दोन-चारदा चिखलात उतरणाऱ्याने लाखाचा विंच घ्यायची गरज नाही. स्वस्तातला चालतो. अट एकच: महिन्यातून एकदा दोर पूर्ण सोडा, थोडा ताण देऊन नीट थरावर थर गुंडाळा, विजेची जोडणी गंजली नाही ना ते पाहा. पडून राहिलेला विंच नेमका गरजेच्या दिवशी गप्प बसतो.

आता त्या ९५०० पौंडांकडे या. किलोत मांडलं तर ते ४३०० होतात. आकडा खोटा नाही, पण तो ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर उरला असतानाचा आहे. प्रत्येक वाढत्या थराबरोबर ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. झाड पाच मीटरवर असेल तर दोर ड्रमवरच राहतो, आणि विकत घेतलेली ताकदही त्याच्याबरोबर तिथेच राहते.

यावर बाजारातलं उत्तर तयार असतं: १२,००० चा घ्या!

कशाला? नियम साधा आहे. पूर्ण भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढ पुरते. जिमनीचं भरलेलं वजन १५४५ किलो. दीडपट म्हणजे साधारण २३०० किलो, पौंडांत ५१००. तिच्या नाकावर १२,००० पौंडांचा विंच बसवणाऱ्याने गाडी घेतली आहे की क्रेन?

जास्त ओढ हवी तर उपाय पुलीचा आहे. उघडझाप होणारी एक स्नॅच पुली झाडाला बांधा, दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकात अडकवा. घर्षणात थोडं जातं ते सोडा, ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. शिवाय दोर जास्त सोडावा लागल्याने ड्रमवरचे थर कमी होतात, म्हणजे त्या बाजूनेही फायदा. मोटरवरचा भार अर्धा होतो तो वेगळाच. विंचच्या किमतीपुढे पुलीचा खर्च काहीच नाही. पण पुली डिकीत राहते, फोटोत येत नाही.

बॅटरीचंही ऐका. पूर्ण ताणाला असा विंच ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतो. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास देतो, बाकीचा बॅटरीतून जातो. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, थांबायचं, मोटर निवू द्यायची. सलग बटण दाबून धरणाऱ्याला गाडी आणि बॅटरी दोन्ही बाहेर काढाव्या लागतात.

आणि जाडजूड केबल बारीक करून चार पैसे वाचवू नका. आग लागते.

आता बंपर. इथे हौस सगळ्यात मोठी आणि समजूत सगळ्यात कमी.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे बंपरपुढची पोलादी नळ्यांची चौकट, बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे, कारवाई करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायदा सुधारला आणि कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा. मग बंपर, विंच, दिव्यांची पट्टी असं मोजायला बसा.

‘पण सगळेच लावतात!’ हो, लावतात. पकडलं जाईपर्यंत सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं.

दंडाचं सोडा, तो भरून मोकळं होता येतं. एअरबॅगचं काय? कारखान्याचा बंपर आणि त्यामागचे डबे धडकेत चेपावेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. गाडी किती झपाट्याने थांबते आहे, यावर सेन्सर ठरवतो की पिशवी कधी फुगवायची. ते गणित त्या बंपरसकट तपासलेलं असतं. तिथे पाच मिलिमीटरची पोलादी पट्टी बसवली की धक्का वेगळ्या रीतीने चासीत पोचतो. पिशवी वेळेवर फुगेल की नाही, हे तुमच्या फॅब्रिकेटरला ठाऊक आहे का? त्याला विचारा. तो हसेल.

थारला ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये चार तारे दिले, ते कंपनीच्या बंपरवर. भोसरीच्या किंवा अंबडच्या शेडमध्ये बनलेल्या बंपरचे तारे कुणी मोजले?

आणि समोरच्या माणसाचं काय? चेपणारा प्लास्टिकचा बंपर गुडघ्याला लागतो तेव्हाही दुखतंच. पण पोलादाच्या नळीला दया नसते. जंगलवाटेवर दगडापासून गाडी वाचवायला लावलेली ती नळी वर्षाचे तीनशे साठ दिवस कोथरूड-ठाण्याच्या गर्दीत, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या छातीच्या उंचीवर फिरत असते. या एका कारणासाठी तरी रोजच्या गाडीला बुल बार नको, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर तडजोड नाही.

वजनाचा हिशेबही करून टाकू. पोलादी दोराचा विंच ३५-४० किलो, लोखंडी बंपर आणखी तेवढाच. ८० किलो धरा, पुढच्या अॅक्सलच्या साठ सेंटिमीटर पुढे. जिमनीच्या दोन अॅक्सलमधलं अंतर २५९० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या अॅक्सलवर जवळपास ९८ किलो येतात आणि मागचा १८ किलोंनी हलका होतो. पुढची स्प्रिंग बसते, दिवे खाली पाहतात, ब्रेक लावताना नाक घुसतं. मग स्प्रिंगही बदलायच्या. स्वस्त बंपरचं बिल असं हप्त्याहप्त्याने येतं.

त्यात बंपर पुढे आलेला असेल तर चढाला भिडायचा कोनही गेला. जिमनीला कंपनी ३६ अंश देते. पैसे मोजून तो कोण कमी करतं?

आपणच.

विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी पुढे येतो, वॉरंटीचंही तसंच. यावर जास्त बोलायला नको. ज्याचा दावा अडकला त्याला विचारा.

मग विंच लावायचाच नाही का? लावायचा. ज्याला खरंच गरज आहे, त्याने. पण अवजड बंपराशी लग्न लावून नव्हे. स्पर्धेची किंवा खासगी माळावर चालवायची गाडी असेल तर चासीच्या मूळ छिद्रांना बोल्टने कसलेली, कंपनीच्या बंपरमागे लपणारी जाड पोलादी पट्टी पुरते. वजन कमी, कोन शाबूत, खर्च बंपरपेक्षा कमी. एअरबॅगचा आणि कायद्याचा प्रश्न मात्र लपलेल्या पट्टीलाही सुटत नाही. पट्टी दिसत नाही एवढ्याने ती मान्य होत नाही.

फॅब्रिकेटरकडे जाताना तीन गोष्टींवर अडून बसा. चासीवर वेल्डिंग नाही, कारण उष्णतेने धातूचा गुण बदलतो आणि तडा तिथूनच जातो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं हवं. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताकद आणि तिच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही; बिनआकड्याच्या बोल्टला कसलंच वचन नसतं. आणि पट्टीवरची छिद्रं दहा इंच बाय साडेचार इंच या मापाची हवीत. ८ ते १२ हजार पौंडांच्या बहुतेक विंचचं हेच माप असतं, उद्या विंच बदलला तर पट्टी बदलावी लागत नाही. भोसरी, सातपूर, अंबड इथल्या कारागिरांच्या हातात कसब भरपूर आहे. गिऱ्हाईक मात्र त्यांना पावडर कोटिंगचा रंग सोडून काही विचारत नाही!

आता खर्चाचा खरा क्रम. पहिला पैसा हुकांवर, पुढे आणि मागे. वाहतुकीत गाडी जखडायला दिलेली कडी आणि रुतलेली गाडी ओढायची हूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुठली कोणती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत असते.

टो बॉलवर तर कधीच दोर अडकवू नका. तो ट्रेलर ओढायला असतो. झटक्याने तुटला तर मागच्या गाडीची काच फोडून आत येतो, आणि काचेमागे माणूस बसलेला असतो.

दुसरा पैसा शॅकल आणि पट्ट्यांवर. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन कोरलेलं असतं. कोरलेलं नसेल तर तो वजनकाट्यावर विकलेला लोखंडाचा तुकडा आहे. झाडाला बांधायचा रुंद पट्टा वेगळा घ्या. उघडा पोलादी दोर खोडाला आवळला की साल कापत जातो. चार मिनिटांच्या मजेसाठी तीस वर्षांचं झाड? पट्टा घ्यायला परवडत नसेल तर झाडाला हात लावू नका.

तिसरा पैसा टायरमधली हवा मोजायच्या मीटरवर आणि हवा भरायच्या पंपावर. वाळूत टायर १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवला की रबराचा पाय लांब पसरतो आणि निम्म्या गाड्या आपल्या आपण निघतात. खर्च शून्याच्या जवळ. म्हणूनच कदाचित कुणी त्याची बढाई मारत नाही.

फावडं तर प्रत्येक गावात मिळतं.

आणि ज्याला खरोखर स्वस्तात विंच हवा आहे, त्याच्यासाठी हातविंच आहे. विजेचे मनोरे उभारणारे आणि तारा ओढणारे ठेकेदार जे तिरफोर मशीन वापरतात, ते. १.६ टनाचं मशीन वीस किलोच्या आत-बाहेर भरतं. लांब दांडा मागे-पुढे करायचा, दोर इंच-इंच सरकतो. बॅटरी नको, वायरिंग नको, बंपर नको, गाडीत एक छिद्रही पाडायला नको. कायद्याचा प्रश्नच उरत नाही, कारण गाडी बदललेलीच नाही. शिवाय विजेचा विंच फक्त पुढे ओढतो. गाडी नाक खाली घालून ओढ्यात उतरली असेल तर तिला मागे ओढायचं असतं. तिथे पन्नास हजारांचा पुढचा विंच शोभेला उरतो, आणि हे घामाचं मशीन गाडी काढतं.

घाम मात्र गाळावा लागतो. अडचण तिथेच आहे.

चौघे मित्र मिळून एक मशीन, दोन पुल्या आणि चार पट्टे घ्या. एकट्याने असल्या वाटेवर जायचंच नसतं. तरी चार गाड्यांच्या ताफ्यात विंच चार आणि पुली एकही नाही, असं का असतं?

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. मूळ स्पर्धा मलेशियाची, १९९७ पासूनची. तिथे विंच ही हौस नाही, त्याच्याशिवाय टप्पा पारच होत नाही. पण जरा नीट पाहा: तिथे हिरो असतो तो को-ड्रायव्हर. चिखलातून दोर घेऊन धावणारा, हातमोजे घातलेला, झाड निवडणारा, पट्टा बांधणारा. आपल्याकडे त्या स्पर्धेची चित्रफीत पाहून माणूस विंच विकत घेतो. हातमोजे घ्यायचे राहतात.

दोराबद्दल तर बोललंच पाहिजे, कारण इथे जीव जातो. पोलादी दोर ताणाखाली ऊर्जा साठवतो आणि तुटला की सपकन फिरतो. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरीच्या यारीवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, ताणलेल्या दोराच्या रेषेत तो उभा राहणार नाही. शहरातला मात्र मोबाइल धरून अगदी तिथेच उभा असतो.

सिंथेटिक दोर हलका, आठ-दहा किलोंनी वजन वाचतं, आणि तुटला तरी पोलादाइतका उसळत नाही. महाग आहे, आणि काटकसर करायची ही जागा नव्हे. त्याला पुढे रोलर नको, गुळगुळीत अॅल्युमिनियमची चौकट लागते, नाहीतर जुन्या पोलादी दोराने रोलरवर पाडलेले चरेच त्याला कापतात. वाळू आणि चिखल आत शिरतो, म्हणून गोड्या पाण्याने धुवा. उन्हाने झिजतो, म्हणून झाकून ठेवा. पोलादीच परवडत असेल तर ताणलेल्या दोरावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाका. ड्रमवर किमान पाच वेढे उरलेच पाहिजेत, सिंथेटिक असेल तर आठ-दहा. आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब हाकला. ओरडावं लागलं तर ओरडा. अपमान परवडतो.

कोकणात तर वेगळाच खेळ. दर सुट्टीला कुणीतरी किनाऱ्यावर गाडी घालतो, भरती येते, आणि गावातले लोक ट्रॅक्टर, जेसीबी घेऊन धावतात. विंच होता ना? होता. बांधायचा कशाला? मोकळ्या वाळूत ना झाड ना खडक. स्टेपनी खोल पुरून तिला दोर बांधता येतो, पण त्यासाठी तास हवा आणि समुद्र थांबत नाही.

मुळात त्या वाळूत कासवं अंडी घालतात आणि मुलं खेळतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि योग्यच करतात. गाडी तिथे न नेणं हा सगळ्यात स्वस्त रिकव्हरी किट आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही टोचायला हवं. कंपन्या जाहिरातीत गाडी चिखलात लोळवतात, नदीतून काढतात, डोंगरावर चढवतात. ती तिथे अडकली तर काय, हे जाहिरातीत नसतं. गुरखा या गाडीला स्नॉर्कल कारखान्यातूनच येतो, म्हणजे अशा वस्तू तपासून, मान्यता घेऊन देता येतात. मग एअरबॅगसकट धडक-चाचणी झालेली विंचची बैठक पर्याय म्हणून प्रत्येक अशा गाडीला का नको? ती मिळाली तर निम्मे लोक शेडमध्ये जाणारच नाहीत.

आणि मंत्रालयाने नुसतं ‘काढा’ म्हणून भागत नाही. कायद्याने सीएनजी किटला वाट ठेवली आहे: किट मान्यताप्राप्त असेल तर गाडीत बदल करता येतो आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद होते. वायूची टाकी गाडीत बसवणं विंचपेक्षा कमी जोखमीचं होतं का? तरी त्याला नियम झाले, चाचण्या झाल्या, लाखो गाड्या धावतात.

पूरग्रस्त गावात, दरड कोसळलेल्या घाटात, वनखात्याच्या आडवाटेवर विंच असलेली गाडी माणसं वाचवू शकते. तिला आज कायद्याच्या नजरेत मॉलपुढे मिरवणाऱ्या बुल बारच्याच रांगेत उभं राहावं लागतं. दोघांत फरक करणारा नियम लिहायला फार मोठी अक्कल लागत नाही. बुल बारवर बंदी ठेवा, ती हवीच. विंचच्या बैठकीला मापं ठरवा, वजनाची मर्यादा घाला, चाचणी लावा, आरटीओत नोंद करा.

थार नाशिकला बनते. गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. दोघांमध्ये अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरचं, आणि रस्ता पक्का डांबरी. अडलंय कुठे?